बाराचे पाच करताना: एक्सएमएल फाइल प्रोग्रामने कशी बदलावी

२१ सप्टेंबर २०२५. रविवार, सर्वपित्री अमावास्या. दुसऱ्या दिवशी घटस्थापना आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर, बऱ्याच वस्तूंवर बारा टक्क्यांऐवजी पाच. गोव्यात म्हापशाला मामांचे किराणा दुकान आहे. तिथल्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून वस्तूंची यादी एक्सएमएल फाइलीत (प्रत्येक माहितीला तिच्या नावाची खूण, म्हणजे टॅग, लावलेल्या मजकुराच्या फाइलीत) बाहेर काढता येते, बदलून परत आत घेता येते. मामांनी रात्री फोन केला, ‘बाराचे पाच करायचे आहेत, तू कॉम्प्युटरवाला, दोन मिनिटांचे काम.’ मलाही तसेच वाटले. पर्वरीला घरी बसून फाइल नोटपॅडमध्ये उघडली, ‘१२ शोधा, ५ घाला, सगळीकडे’ असे सांगितले, फाइल परत पाठवली आणि झोपलो.

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला त्याच सुमारास फोनही वाजला. ‘अरे, बाराशेची फेणी पाचशेला दाखवतेय मरे! आणि बारा नगांचे पाकीट पाच नगांचे कसे झाले?’ खरेच होते. १२०० मधल्या बाराचेही पाच झाले होते. वस्तू क्रमांक ११२ चा १५ झाला आणि मूळच्या १५ शी त्याची टक्कर झाली. बारकोडांचे काय झाले ते विचारू नका. जुनी प्रत मामांच्या पेनड्राइव्हवर होती म्हणून वाचलो.

हा लेख त्या रात्री मी जे करायला हवे होते त्याबद्दल आहे. भाषा पायथन घेतली आहे, कारण नवख्याला ती लवकर जमते आणि एक्सएमएलसाठी लागणारे सामान तिच्यासोबतच येते, वेगळे काही बसवावे लागत नाही. प्रोग्रामिंगची तोंडओळख, म्हणजे लूप काय आणि ‘जर-तर’ काय एवढे माहीत आहे असे धरून चालतो. पायथनचे इंग्रजी शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग.

आधी फाइलीकडे नीट बघा

मामांच्या यादीचा एक तुकडा, टॅगची नावे मराठीत करून (एचएसएन म्हणजे जीएसटीसाठी वस्तूचा प्रकार सांगणारा क्रमांक):

<यादी>
  <वस्तू क्रमांक="१०१" एचएसएन="२००८">
    <नाव>खारे काजू</नाव>
    <नग>१२</नग>
    <भाव>२४०</भाव>
    <कर>१२</कर>
  </वस्तू>
  <वस्तू क्रमांक="११२" एचएसएन="४८२०">
    <नाव>वही, शंभर पानी</नाव>
    <नग>६</नग>
    <भाव>४०</भाव>
    <कर>१२</कर>
  </वस्तू>
  <वस्तू क्रमांक="१२०" एचएसएन="२२०८">
    <नाव>काजू फेणी</नाव>
    <नग>१</नग>
    <भाव>१२००</भाव>
  </वस्तू>
</यादी>

मराठी टॅग ही नुसती लेखापुरती सोय नव्हे. एक्सएमएलचे पहिले अधिकृत रूप १० फेब्रुवारी १९९८ ला आले तेव्हापासून टॅगच्या नावात देवनागरी अक्षरे चालतात. वरचा तुकडा जसाच्या तसा यूटीएफ-८ या अक्षरे साठवायच्या पद्धतीत सेव्ह केलात तर तो पूर्णपणे वैध एक्सएमएल आहे. तुमच्या फाइलीत टॅग इंग्रजी असतील, अंकही बहुधा इंग्रजीच असतील, रीत तीच.

या तुकड्यात ‘१२’ हे दोन अंक एकापाठोपाठ किती जागी आहेत ते मोजा. काजूच्या नगांत, काजूच्या करात, वहीच्या क्रमांकात, वहीच्या करात, फेणीच्या क्रमांकात, फेणीच्या भावात. सहा जागा, आणि त्यातल्या फक्त दोन कराच्या. नोटपॅडला हा फरक कळायचा मार्गच नाही, कारण त्याच्या लेखी ही अक्षरांची एक लांबलचक ओळ आहे. एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे पार्सरला, मात्र ते झाड दिसते: ‘यादी’ हे मूळ, त्याला ‘वस्तू’च्या फांद्या, प्रत्येक फांदीला नाव, नग, भाव, कर. आपण त्याला म्हणू शकतो, ‘वस्तूच्या आतल्या करालाच हात लाव, बाकी कशाला नको.’ प्रोग्रामने एक्सएमएल बदलायचे ते एवढ्यासाठीच.

आणखी एक गोष्ट बघा: फेणीला ‘कर’ नावाची फांदीच नाही. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर राज्याचा वेगळा कर असतो. बिलिंगवाल्याने तिथे शून्य न घालता टॅगच गाळला. हे पुढे नडणार आहे.

आणि वही. त्या दिवशी बाराचे सरसकट पाच झालेच नाहीत. तूप, जॅम, फरसाण, खारे काजू बारावरून पाचवर आले. पण शाळेच्या वह्या आणि पेन्सिली बारावरून थेट शून्यावर गेल्या. टूथपेस्ट आणि केसांचे तेल अठरावरून पाचवर आले, कपडे धुण्याची पावडर अठरावरच राहिली. म्हणजे ‘बाराचे पाच’ हे वाक्यच मुळात चुकीचे होते. प्रोग्राम लिहायला बसण्याआधी नियम कागदावर मांडा, असे मी म्हणतो ते यासाठी. माझा अर्धा घोळ नोटपॅडने केला होता, अर्धा त्या तोंडी वाक्याने.

प्रत काढा, मगच हात लावा

मूळ फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला कधीच लिहू नका. प्रोग्राम एका फाइलीतून वाचेल आणि दुसऱ्या नावाच्या फाइलीत लिहील. नवखे लोक त्याच नावाने सेव्ह करतात आणि प्रोग्राम मध्येच अडखळला की अर्धी फाइल हातात उरते.

पायथन ३ मशीनवर आहे का ते टर्मिनलमध्ये आवृत्ती विचारून बघा. ३.९ किंवा त्यापुढची असली तर उत्तम. का ते पुढे येईल.

वाचणे

पायथनमध्ये ‘एलिमेंटट्री’ नावाचे मॉड्यूल आहे. ते इंपोर्ट करा, त्याच्या ‘पार्स’ला फाइलीचे नाव द्या, आणि मिळालेल्या झाडाला ‘गेटरूट’ म्हणून मूळ मागा. दोन ओळींत काम झाले.

इथे एक सवय पहिल्यापासून लावून घ्या. फाइल स्वतः ‘ओपन’ने मजकूर म्हणून उघडून मग पार्सरला देऊ नका. नाव द्या, उघडायचे काम पार्सरला करू द्या. फाइलीच्या पहिल्या ओळीत बहुतेक वेळा लिहिलेले असते की मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे साठवायच्या कोणत्या पद्धतीत, आहे. पार्सर ते वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. तुम्ही स्वतः उघडलीत की विंडोज आपल्या अंदाजाने एन्कोडिंग ठरवते आणि ‘खारे काजू’चे अगम्य चिन्हांत रूपांतर होते.

वाचतानाच चूक आली, तर संदेशात ओळ आणि रकाना दिलेला असतो. त्या ओळीवर जा. दहापैकी बऱ्याच वेळा तिथे सुटे अँड चिन्ह सापडते: कोणीतरी नावात ‘लोणचे & पापड’ असे लिहिलेले असते. एक्सएमएलमध्ये ते चिन्ह असे उघडे ठेवता येत नाही. अँड चिन्ह, त्याला लागून इंग्रजीत ए-एम-पी ही तीन अक्षरे आणि मग अर्धविराम असे लिहावे लागते. ‘पेक्षा लहान’च्या कोनाचीही तीच कथा. दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे कंट्रोल कॅरेक्टर, छापता न येणारे अक्षर. हिशेबाच्या काही सॉफ्टवेअरांतून निघालेल्या फाइलीत ‘४ क्रमांकाचे अक्षर’ अशा अर्थाचा संकेत पेरलेला सापडतो, आणि एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालच्या अक्षरांपैकी फक्त टॅब आणि ओळ बदलणारी दोन, म्हणजे ९, १० आणि १३, एवढीच चालतात. असे असेल तर पार्सरला देण्याआधी तेवढा संकेत मजकुरातून काढून टाकावा लागतो. नोटपॅडच्या शोधा-आणि-बदलाला माझी परवानगी आहे ती एवढ्याच कामापुरती.

शोधणे आणि बदलणे

आता मुख्य काम. ओळी मराठीत लिहितो, रचना पायथनचीच आहे:

झाड = पार्स(जुनी_फाइल)
मूळ = झाड.गेटरूट()
बदलल्या = ०

मूळ.फाइंडऑल("वस्तू") मधली एकेक वस्तू घ्या:
    कर = वस्तू.फाइंड("कर")
    जर कर इज नन:
        पुढच्या वस्तूकडे जा
    जर कर.टेक्स्ट इज नन:
        पुढच्या वस्तूकडे जा
    जोडी = (वस्तू.गेट("एचएसएन"), इंट(कर.टेक्स्ट))
    जर जोडी नवे_दर मध्ये असेल:
        कर.टेक्स्ट = स्ट्र(नवे_दर[जोडी])
        बदलल्या मध्ये १ मिळवा

जाता जाता: ‘वस्तू’, ‘कर’, ‘जोडी’ ही व्हेरिएबलची नावे पायथन ३ मध्ये देवनागरीत लिहिली तरी चालतात. मी लिहीत नाही, कारण सारखा कीबोर्ड बदलून बोटे दुखतात.

‘फाइंडऑल’ला टॅगचे नाव दिले की तो थेट मुलांमध्येच शोधतो, नातवंडांत नाही. यादीत ‘विभाग’ आणि विभागांच्या आत ‘वस्तू’ अशी रचना असली तर वरच्या ओळीला एकही वस्तू सापडणार नाही, आणि चूकही दाखवली जाणार नाही; प्रोग्राम गुपचूप काही न करता संपेल. तेव्हा नावाआधी टिंब आणि दोन तिरक्या रेघा लावा, म्हणजे तो कितीही खोलवर शोधेल. टॅगच्या आतला मजकूर ‘टेक्स्ट’मध्ये मिळतो, आणि टॅगच्या नावापुढे अवतरणात लिहिलेला अॅट्रिब्यूट ‘गेट’ने वाचायचा, ‘सेट’ने लिहायचा.

‘इज नन’वर थांबा थोडे. फेणीपाशी ‘फाइंड’ला कर सापडत नाही, तो ‘नन’ (म्हणजे ‘काहीच नाही’) परत देतो, आणि ‘नन’चा ‘टेक्स्ट’ मागितला की प्रोग्राम तिथेच आपटतो. म्हणून आधी तपासायचे, हे बहुतेकांना सुचते. पण ते तपासताना लोक सरळ ‘जर कर असेल तर’ असे लिहितात, आणि तो सापळा आहे. एलिमेंटट्रीमध्ये ज्या टॅगच्या आत दुसरा टॅग नाही, तो ‘असेल’च्या तपासणीत आजवर ‘नाही’ असाच मोजला गेला आहे. ‘कर’च्या आत नुसता आकडा आहे, टॅग नाही, म्हणजे कर सापडूनही प्रोग्राम म्हणतो, नाही सापडला. ३.१२ पासून पायथन असे लिहिल्यावर इशारा देते. मी एकदा या एका ओळीपायी अख्खी संध्याकाळ घालवली आहे. ‘इज नन’ किंवा ‘इज नॉट नन’ असेच लिहा, दुसरे काही नको.

टॅग आहे पण आत काहीच नाही, ही त्याहून वेगळी स्थिती. तेव्हा टॅग सापडतो, त्याचा ‘टेक्स्ट’ मात्र ‘नन’ असतो. म्हणून वर दोन तपासण्या आहेत.

आता आकड्यांचे. एक्सएमएलमध्ये सगळे मजकूरच असते, ‘१२’ हीसुद्धा दोन अक्षरेच. तुलना करण्याआधी ‘इंट’ने त्याचा आकडा करून घ्या. याचा आपल्याकडे एक जास्तीचा फायदा आहे: पायथनचे ‘इंट’ देवनागरी अंकही ओळखते. यादी दोघांनी भरली असेल, एकाने कर इंग्रजी अंकांत आणि दुसऱ्याने मराठी अंकांत, तर मजकूर म्हणून ते दोन बारा वेगळे ठरतात, आकडा म्हणून एकच. मागेपुढे पडलेली मोकळी जागाही ‘इंट’ चालवून घेते. ‘१२%’ असे लिहिले असेल तर मात्र नाही; तेव्हा चिन्ह आधी काढा. उलट दिशेने, लिहिताना, ‘स्ट्र’ने आकड्याचा पुन्हा मजकूर करायचा. हे विसरलात तर बदलताना काहीच कळत नाही आणि शेवटी फाइल लिहायच्या क्षणी ‘हे मला लिहिता येत नाही’ असा संदेश येतो.

राहिली ‘नवे_दर’ ही यादी. ती पायथनची डिक्शनरी आहे: एका बाजूला एचएसएन आणि जुना दर यांची जोडी, दुसऱ्या बाजूला नवा दर. (२००८, १२) ला ५, (०४०५, १२) ला ५, (४८२०, १२) ला ०. एचएसएन इथे मजकूर म्हणून ठेवा, आकडा करू नका, नाहीतर तुपाच्या ०४०५ मधले पहिले शून्य गळून पडेल. जोडी कशाला, नुसता एचएसएन का नाही? कारण ४८२० मध्ये शाळेच्या वह्या येतात तशा डायऱ्याही येतात. वही बारावर होती, डायरी अठरावर, आणि डायरी तिथेच राहिली. जुना दर सोबत घेतला की दोघी वेगळ्या होतात.

सगळीकडे हे जमत नाही. ३४०१ मध्ये अंगाचा साबण अठरा टक्क्यांवर होता. वडीचा पाचवर आला, बाटलीतला द्रव अठरावरच राहिला. एचएसएनचे पहिले चार आकडे तेच, जुना दरही तोच. इथे प्रोग्रामची अक्कल संपते. मी अशा वस्तूंचे क्रमांक एका वेगळ्या यादीत छापून घेतले आणि मामांच्या सीएंना पाठवले. प्रोग्रामने नावात ‘लिक्विड’ शब्द शोधून ठरवावे, असले चातुर्य करायचा मोह होतो, करू नका. कोणीतरी ‘लिक्वीड’ लिहिलेले असतेच.

लिहिणे

झाड बदलले ते फक्त मेमरीत. ‘झाड.राइट’ला नव्या फाइलीचे नाव दिले की ते डिस्कवर जाते. फक्त नाव देऊन थांबलात तर मराठी माणसाला हमखास धक्का बसतो: नवी फाइल उघडली की एकही देवनागरी अक्षर नाही, नुसते अँड चिन्ह, हॅश आणि आकडे. ‘क’च्या जागी २३२५. फाइल बिघडलेली नसते. ‘राइट’ काही न सांगितल्यास जुन्या आस्की पद्धतीने लिहितो, आणि त्यात न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक टाकतो. कोणताही पार्सर ते पुन्हा ‘क’ म्हणूनच वाचेल. पण माणसाला वाचता येत नाही आणि फाइल फुगते. म्हणून ‘एन्कोडिंग’ला यूटीएफ-८ आणि ‘एक्सएमएल_डिक्लरेशन’ला ‘ट्रू’, ही दोन्ही प्रत्येक वेळी द्या. दुसरे दिले नाही तर यूटीएफ-८ साठी वरची घोषणेची ओळ लिहिली जात नाही, आणि काही जुनी सॉफ्टवेअर तिच्याशिवाय फाइल घेत नाहीत.

अँड चिन्हाची काळजी लिहिताना तुम्ही करायची नाही. नावात साधे चिन्ह भरा, त्याचे रूपांतर ‘राइट’ स्वतः करतो. तुम्हीही केलेत आणि त्यानेही केले, की बिलावर ‘लोणचे &amp; पापड’ छापून येते. पावतीवर हे मी फोंड्याच्या एका हॉटेलात पाहिले आहे.

नवी वस्तू घालायची तर ‘सबएलिमेंट’ला बाप कोण आणि नाव काय ते सांगायचे. ती एका ओळीत चिकटून येते, दिसायला वाईट. ३.९ पासून ‘इंडेंट’ आहे. लिहिण्याआधी एकदा चालवला की सगळे नीट मागेपुढे होते. आवृत्ती विचारायला सांगितले ते यासाठी.

एलिमेंटट्री गाळते तेही सांगितले पाहिजे. फाइलीत कोणी कॉमेंट लिहून ठेवल्या असतील तर वाचतानाच त्या फेकल्या जातात. वर डॉकटाइप (फाइलीचा प्रकार सांगणारी ओळ) असेल तर तोही जातो. मामांच्या फाइलीत त्यातले काही नव्हते. तुमच्यात असेल आणि हवे असेल, तर ‘एलएक्सएमएल’ नावाची लायब्ररी ‘पिप’ने (पायथनच्या लायब्ररी बसवायच्या साधनाने) बसवून घ्या. तिचे शब्द जवळजवळ हेच आहेत, कॉमेंट जपल्या जातात आणि टॅगला आपला बाप कोण हेही विचारता येते, जे एलिमेंटट्रीत विचारता येत नाही.

काढून टाकणे, आणि नेमस्पेस नावाची कटकट

हे दुकानात लागले नाही, दुसरीकडे लागले. सलीम अली पक्षी अभयारण्य बघायला चोडणला गेलो होतो, फोनवर वाटेची नोंद चालू ठेवून. ती नोंद जीपीएक्स फाइलीत येते, आणि जीपीएक्स म्हणजे एक्सएमएलच. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत बराच वेळ उभा होतो, तेवढ्यात फोनने एकाच जागेचे शंभरेक बिंदू गोळा केले. नकाशावर तिथे कोळ्याचे जाळे दिसत होते. ते बिंदू काढायचे होते.

पहिला प्रयत्न: ‘फाइंडऑल’ला बिंदूच्या टॅगचे नाव दिले. शून्य सापडले. फाइल उघडून बघतो तर बिंदू ढिगाने. कारण असे, की जीपीएक्सच्या मुळावर नेमस्पेस लावलेला असतो, म्हणजे ‘ही नावे अमुक घराण्याची’ असे सांगणारा एक पत्ता. त्यानंतर आतल्या प्रत्येक टॅगचे खरे नाव म्हणजे महिरपी कंसात तो पत्ता आणि पुढे नाव. गावात ‘नाईक’ म्हणून हाक मारली तर कोणता नाईक? वाड्याचे नाव लावावे लागते. पूर्ण पत्ता लिहा, किंवा ३.८ पासून महिरपी कंसात नुसते तारकाचिन्ह टाकले तरी ‘कोणत्याही घराण्याचा’ असा अर्थ होतो. लिहिताना आणखी एक: आधी ‘रजिस्टर_नेमस्पेस’ने पत्ता नोंदवला नाही, तर नव्या फाइलीत प्रत्येक टॅगपुढे ‘एनएस०’ असे शेपूट पुढच्या बाजूने लागते. वैध असते, पण सगळ्याच अॅपना पचत नाही.

दुसरा प्रयत्न: बिंदू सापडले, बापावर थेट लूप फिरवला, आणि प्रत्येक नकोशा बिंदूला ‘रिमूव्ह’ केले. सगळे ओळीने नकोसे, तरी निम्मे शिल्लक! रांगेतून एकाला काढले की मागचे सगळे एक पाऊल पुढे येतात, आणि लूप मात्र पुढच्या जागेवर उडी मारतो. मधला सुटतो. उपाय सोपा: आधी ‘फाइंडऑल’ने किंवा ‘लिस्ट’ने वेगळी यादी करून घ्या, लूप त्या यादीवर फिरवा आणि काढा मूळ झाडातून.

काढताना एवढेही लक्षात असू द्या, की टॅग संपल्यानंतर पुढच्या टॅगपर्यंतचा मजकूर एलिमेंटट्रीत त्या आधीच्या टॅगच्या ‘टेल’मध्ये राहतो. यादीसारख्या फाइलीत तिथे मोकळी जागाच असते, गेली तर बिघडत नाही. पण एखादा लेख एक्सएमएलमध्ये असेल आणि वाक्याच्या मधोमध ठळक अक्षरांचा टॅग असेल, तर तो टॅग काढताना त्यापुढचे वाक्यही जाते. अशा मजकुरावर काम करताना आधी ‘टेल’ बाजूला काढून मागच्या टॅगला जोडा.

ताडून बघणे

हा भाग लोक सोडून देतात, आणि मला विचाराल तर अर्धा वेळ इथेच द्यावा.

आधी मोजदाद. वस्तू आधी किती होत्या, नंतर किती आहेत: सारख्याच हव्यात. सगळ्या भावांची बेरीज आधी आणि नंतर: एका पैशाचाही फरक नको, कारण आपण भावाला हात लावलेला नाही. नगांची बेरीज, तेच. ‘बदलल्या’मधला आकडा कागदावरच्या अंदाजाशी जुळतो का? शून्य आला असेल तर टॅगचे नाव किंवा नेमस्पेस चुकला. सगळ्याच्या सगळ्या बदलल्या असतील तर अट चुकली. त्या रविवारी मी भावांची नुसती बेरीज केली असती तरी बाराशेची फेणी पाचशेची झालेली रात्रीच कळली असती.

मग जुनी आणि नवी फाइल शेजारी शेजारी ठेवून फरक बघायचा. त्यासाठी ‘डिफ’ किंवा कोड एडिटरमधली तुलना वापरा. पण सरळ तुलना केलीत तर शेकडो फरक दिसतील आणि तुम्ही घाबराल: पार्सरने रिकामे टॅग आखूड केलेले असतात, पहिल्या ओळीतली अवतरणे दुहेरीची एकेरी झालेली असतात, पायथन ३.८ च्या आधीचे असेल तर अॅट्रिब्यूटही वर्णक्रमाने लागलेले असतात. यातून खरा बदल शोधणे म्हणजे पावसाळ्यात मांडवीचा तळ बघण्यासारखे. युक्ती अशी, की जुनी फाइल आधी एकदा काहीही न बदलता पार्सरमधून वाचून, त्याच ‘राइट’ने, तिसऱ्या नावाने लिहून काढा. तुलना त्या तिसऱ्या फाइलीशी करा. वेशभूषेचे फरक दोन्हीकडे सारखे झाल्यामुळे उरतात ते तुम्ही केलेले बदल. मामांच्या यादीत असे केल्यावर प्रत्येक फरक ‘कर’च्या ओळीवर होता, दुसऱ्या कुठल्याच नाही.

शेवटी, सगळी यादी एकदम आत घेऊ नका. पाच वस्तूंची छोटी फाइल करा: एक बाराची पाच झालेली, एक शून्य झालेली, एक न बदललेली, एक कर नसलेली आणि एक नावात अँड चिन्ह असलेली. ती आत घ्या, प्रत्येकीचे एकेक खोटे बिल काढा, मग रद्द करा.

फाइल फारच मोठी असेल, काही शे मेगाबाइटची, तर अख्खे झाड मेमरीत मावेलच असे नाही. तेव्हा ‘इटरपार्स’ने एकेक वस्तू वाचायची आणि काम झाले की ‘क्लिअर’ करायची. आणि फाइल अनोळखी माणसाकडून इंटरनेटवरून आली असेल, तर ‘डिफ्यूज्डएक्सएमएल’ वापरून उघडा. काही किलोबाइटची फाइल उलगडताना मशीनची सगळी मेमरी खाईल अशी रचता येते, आणि ही लायब्ररी तसल्या फाइली दारातच अडवते.

घटस्थापनेच्या सकाळी म्हापशाच्या दुकानात बसून हे सगळे करायला मला सव्वा तास लागला. तोवर मामा हाताने पावत्या फाडत होते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, ‘भाचा दोन मिनिटांचे काम करतोय.’